रेणू कळला, रोगी राहिला

बडोद्याच्या वाडीतून निघालं तर उत्तरेला तासाभरात आणंद येतं आणि पूर्वेला, डभोई-बोडेलीमार्गे, शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूर. मानवी जनुकशास्त्र आणि प्रजननतंत्र यांचा गेल्या काही दशकांचा हिशेब मांडायला या दोन गावांपलीकडे फारसं जावं लागत नाही. मूल हवं म्हणून आणंदला परदेशी जोडपी येत असत. पैसे घेऊन गर्भाशय देण्याचा तो व्यवहार २०२१च्या सरोगसी कायद्याने बंद केला. छोटा उदेपूरपासून डांगपर्यंत आणि सीमेपलीकडे नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तिथल्या रोग्याच्या पदरात या प्रगतीतलं काय पडलं, असं विचारलं की उत्तर ओशाळवाणं येतं. माझ्या मते इथे विज्ञान कमी पडलेलं नाही. जन्मू नये असं मूल आपल्याला आधी दिसतं आणि जन्मलेलं नंतर, हा क्रम चुकलेला आहे.

विज्ञान तर केव्हाच पोहोचलं होतं. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९मध्ये दाखवलं की या रोग्यांच्या हिमोग्लोबिनवरचा विद्युतभारच निराळा असतो. रोगाचं मूळ एका रेणूत सापडण्याची ती पहिलीच वेळ. १९५२मध्ये हा दोष निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला आणि १९५६-५७मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा सांगितली: बीटा साखळीत सहाव्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. व्हॅलिनला पाण्याचं वावडं, म्हणून प्राणवायू सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोरे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. वेदनेचे झटके येतात ते त्यामुळे. जनुकातलं एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम. प्रथिनं विणणारा रायबोसोम बिचारा समोर आलेलं अक्षर इमानाने वाचतो. (या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकटरमण रामकृष्णन हे इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे १९७१चे पदवीधर, आणि तेही भौतिकशास्त्राचे.)

मग राहिलं काय? १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत रोग संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट. तपासलेल्याला कार्ड मिळतं आणि लग्नाआधी पत्रिका जुळवावी तशी ही कार्डं जुळवावीत, असा सल्लाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता २५ टक्के असते, तेव्हा सल्ला बिनतोड वाटतो. पण ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस गावात असा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. गावाची तपासणी झाली, समुपदेशन झालं. काही वर्षांनी पाहावं तर वाहकांची आपसांतली लग्नं निव्वळ योगायोगाने व्हावीत तेवढीच झालेली, वर वाहकांच्या माथी कलंक. खुद्द पॉलिंग यांनी १९६८मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर गोंदावं असं सुचवलं होतं. रेणू ओळखणाऱ्याला माणूस ओळखता येतोच असं नाही. शिवाय वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४मध्येच दाखवलं. जे जनुक मलेरियाच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, ते कार्डं जुळवून संपणार नाही.

यावर कुणी म्हणेल, सायप्रसने थॅलेसेमिया आटोक्यात आणलाच ना? आणला. पण तो मुख्यतः गर्भजल आणि गर्भ तपासून, लग्नं मोडून नव्हे. थॅलेसेमिया मेजर बहुधा सर्वांनाच सारखा छळतो; आपल्याकडचा सिकलसेल मात्र माणसागणिक बदलतो, कारण काहींच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं आणि ते रक्षण करतं. कोणता गर्भ किती सोसेल हे आधी सांगणं अवघड. भ्रूण तपासूनच रोवावा, हा दुसरा पर्याय. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या चमूच्या हातून १९८६मध्ये हर्षा या टेस्ट-ट्यूब बाळाचा जन्म झाला, सिकलसेलसाठी भ्रूणतपासणी करून झालेली गर्भधारणा १९९९मध्ये अमेरिकेतून नोंदली गेली, आणि लिंग न पाहता फक्त आजारासाठी अशी तपासणी करायला आपला कायदाही मुभा देतो. ज्या जोडप्याला हवी त्याला ती मिळावी. पण लाखांत खर्च असलेली, पहिल्या फेरीत यशाची खात्री नसलेली गोष्ट मजुरीवर जगणाऱ्या पट्ट्याचं सार्वजनिक धोरण होऊ शकत नाही.

जनुकसंपादनाचं मला खरं कौतुक आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मान्य केलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रोग्याच्याच मूळपेशींतला एक लगाम तोडतात, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत देशी तंत्र घडलं आहे आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं, तेव्हा किंमत उतरेलही. मात्र उपचाराआधी मज्जा जाळणारं बुसल्फान द्यावं लागतं आणि त्याने अपत्यक्षमता जाऊ शकते. म्हणून आधी बीज गोठवून ठेवणं आलं. आणंदची विद्या छोटा उदेपूरच्या रोग्याच्या उपयोगी पडावी ती अशी, त्याचं स्वतःचं मूल त्याला मिळावं म्हणून. तोवर हायड्रॉक्सियुरिया आहे. १९९५च्या अमेरिकी चाचणीत त्याने झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. औषध जुनं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं; अट एवढीच की ठरावीक काळाने रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. त्यासाठी लागतो एक साधा यंत्रसंच, तो चालवणारा माणूस आणि दर खेपेला शिल्लक असलेला गोळ्यांचा साठा. कार्डावर जुळवाजुळवीच्या सल्ल्याआधी पुढच्या मोजणीची तारीख छापायला हवी.