चेहरा नसलेल्या दिव्याची माया

ऑगस्ट १९८६. अमेरिकेतल्या डलास शहरातल्या ‘सिग्राफ’ या संगणकचित्रांच्या परिषदेत पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओने जेमतेम दोन मिनिटांची एक फिल्म दाखवली, ‘लक्सो ज्युनिअर’. टेबलावरचे दोन दिवे, एक मोठा, एक छोटा, सोबत चेंडू. छोटा दिवा चेंडूवर नाचतो, चेंडूची हवा जाते आणि दिवा मान खाली घालतो. नंतर संगणकचित्रांतले जाणकार जिम ब्लिन दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांना गाठायला आले. सावल्यांचं गणित कसं जमवलं हे विचारणार, असं लॅसेटरना वाटलं. ब्लिन यांनी विचारलं ते वेगळंच: मोठा दिवा आई आहे की बाबा?

दिव्याला ना डोळे, ना तोंड. मग ही माया आली कुठून? त्याचा माग १९४४ सालच्या एका प्रयोगात लागतो. फ्रिट्झ हायडर आणि मेरियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे सरकताना दाखवलं आणि काय दिसलं ते लिहायला सांगितलं. पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी फक्त एकाने भूमिती लिहिली. बाकीच्यांनी लिहिली गोष्ट: मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ बिचारं घाबरलेलं! कोण कुणामागे धावतो, कोण कुठे घुटमळतो, एवढ्यावरून आपण मन ओळखतो. माणसांच्या मनातलं ताडताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, तेच असे त्रिकोण पाहतानाही जागे होतात, हे पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं.

अॅनिमेटर हेच भांडवल वापरतो. छोटा दिवा म्हणजे मोठ्या दिव्याची नुसती लहान प्रत नव्हती. दांड्या आखूड केल्या, बल्ब मात्र तेवढाच ठेवला. त्यामुळे तो बाळासारखा दिसतो. मोठं डोकं आणि आखूड हातपाय दिसले की आपल्याला जवळ घ्यावंसं वाटतं, असं प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३मध्येच मांडलं होतं.

पिक्सारच्याच ‘अप’ चित्रपटात (२००९) कार्ल आणि एली या जोडप्याचा अख्खा संसार चारेक मिनिटांत, संवादाविना उलगडतो. संगीतकार मायकल जियाकिनोची तीच धून लग्नात बागडते आणि दवाखान्यात मंदावते. थिएटरात पोरं पुढे येणाऱ्या फुग्यांची वाट बघत असतात. डोळे पुसतात ते आईबाबा.

याउलट २०१९चा हुबेहूब ‘लायन किंग’ मला कोरडा वाटला. सिंहाचा प्रत्येक केस खरा, पण चेहरा खऱ्या सिंहासारखाच मख्ख. सगळंच दाखवलं की प्रेक्षकाच्या मनाला करायला काही उरत नाही.

हायडर-झिमेल यांची फिल्म इंटरनेटवर सहज सापडते. घरातल्या मुलांना दाखवा, काही न सांगता. मग विचारा, त्यातला वाईट कोण?