चार अंकी पिन: १०,००० शक्यता की फक्त २४?

कॉलेजात असताना मी मेसमध्ये जेवून येईपर्यंत रूममेटने माझा फोन उघडला होता. हॅकिंग वगैरे काही नाही, नुसती मोजणी!

पिनच्या प्रत्येक जागी ० ते ९ असे १० पर्याय असतात. म्हणजे १०×१०×१०×१० = १०,००० पिन. पण माझ्या स्क्रीनवर बोटांचे डाग चारच आकड्यांवर होते. मग पहिल्या जागी ४ पर्याय, पुढे ३, २, १. गुणाकार केला की उरतात फक्त २४!

आणि वाढदिवसाची तारीख-महिना पिन ठेवलात, तर शक्यता ३६६च.

सहा अंकी पिनच्या शक्यता मात्र १०,००,०००. तेव्हा आजच पिन बदला, वाढदिवस टाळा आणि हो, स्क्रीन पुसत जा!