भ्रमणध्वनीच्या मुक्त स्रोत परिचालन प्रणाली

भ्रमणध्वनी संचातील स्मृती, पडदा, बॅटरी, रेडिओ इ. भागांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. जिची मूळ संहिता कोणासही वाचण्यास, बदलण्यास व पुन्हा वितरित करण्यास मोकळी असते, ती मुक्त स्रोत प्रणाली होय.

यांपैकी अँड्रॉइडचा प्रसार सर्वाधिक आहे. ती विकसित करणारी कंपनी कॅलिफोर्नियात २००३ मध्ये स्थापन झाली व २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली. या प्रणालीवर चालणारा पहिला संच, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये बाजारात आला. लिनक्स कर्नल हा तिचा गाभा असून त्यात फेरफार करून संच विकणाऱ्यास त्या फेरफारांची संहिताही उपलब्ध करून द्यावी लागते. वरच्या थरांना बहुतांशी लागू असलेल्या अपाचे परवान्यात मात्र अशी सक्ती नाही.

संहिता मुक्त असली, तरी संच मुक्त असतोच असे नाही; हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. मोडेम, कॅमेरा यांसारखे भाग चालविणाऱ्या आज्ञावली बहुधा बंदिस्त स्वरूपातच मिळतात. चिप-निर्मात्याने त्यांची देखभाल थांबविली की, सुस्थितीतील संचही सुरक्षिततेच्या दृष्टीने जुना ठरतो. शिवाय संच सुरू होताना प्रथम चालणारा बूटलोडर कुलूपबंद असल्यास मालकाला दुसरी प्रणाली बसविता येत नाही. गूगलचे आज्ञावली-भांडार, नकाशे इ. सेवाही मुक्त संहितेचा भाग नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेने चीनच्या ह्वावे कंपनीवर निर्बंध घातले, तेव्हा मुक्त संहिता तिला वापरता येत होती. परंतु नव्या संचांवर या सेवा देता न आल्याने चीनबाहेरील तिची विक्री घसरली. या सेवांचा संपूर्ण संच आधीच बसविण्याची उत्पादकांवरील अट हे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला केलेल्या १,३३७.७६ कोटी रुपयांच्या दंडाचे एक कारण होते.

नोकियाच्या संचांमुळे परिचित असलेली सिंबियन २०१० मध्ये खुली झाली, पण तोवर उशीर झाला होता. मोझिलाच्या फायरफॉक्स प्रणालीचे संच २०१३ मध्ये आले व लवकरच मागे पडले. तथापि तिच्यापासून निघालेली कायओएस २०१७ च्या जिओफोनद्वारे भारतात पुष्कळ घरांत पोहोचली.

उत्पादकांनी सोडून दिलेले संच वापरात ठेवण्याचे काम स्वयंसेवकांनी पत्करले आहे. सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर तिच्या संहितेतून लिनिएजओएस निर्माण झाली. पोस्टमार्केटओएस (२०१७) तर अँड्रॉइड बाजूस ठेवून जुन्या संचांवर सर्वसाधारण लिनक्स चालविते. मात्र त्यांपैकी अनेक संचांवरून अद्याप दूरध्वनी करता येत नाही.