मालधक्क्याचे झाले वाचनालय

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरची वडीलधारी मंडळी गिरणीत होती, त्यांना करवतीच्या दात्यांसारखे छप्पर ठाऊक असेल. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला. त्यामुळे उजेड येई, ऊन क्वचितच येई. पॅरिसच्या १८व्या विभागात, पाजोल रस्त्यालगत, अशाच छपराचा रेल्वेचा मालधक्का १९२६ साली उभा राहिला. पुढे तो ओस पडला. परिसरातील रहिवाशांनी तो पाडू नये असा आग्रह धरला. त्याच शेडमध्ये २०१३ साली सुमारे ३३० खाटांचे यूथ हॉस्टेल व सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. फ्रान्स्वाज-एलेन जूर्दा या वास्तुरचनाकार बाईंनी त्याचा आराखडा केला.

पॅरिसची थंडी आणि एवढी उंच शेड! गरम हवा वर चढते, छपराशी जमते आणि खाली वाचत बसलेल्याचे पाय मात्र गारच राहतात. म्हणून सबंध शेड उबदार करण्याचा नाद त्यांनी केलाच नाही. लोखंडी सांगाडा जागेवर ठेवून त्याच्या पोटात लाकडी इमारत बांधली व तिच्या भिंतींत उष्णता अडविणारा थर भरला. मोठ्या दालनातील डास हाकलण्याऐवजी आपण मच्छरदाणी लावून झोपतो, त्यातलाच हा प्रकार. शेडच्या उरलेल्या भागात बाग केली. तिला ऊब लागत नाही, म्हणून इंधनही लागत नाही.

छपराच्या दक्षिण उतारावर सुमारे ३,५०० चौरस मीटर सौर पट्ट्या बसविल्या. उत्तरेची काच पूर्वीसारखीच उजेड देते. जुन्या गवंड्यांनी उजेडासाठी केलेली रचना विजेलाही उपयोगी पडली.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जुना सांगाडा. पोलाद करताना जो कोळसा जळायचा, तो कधीच जळून गेला. सांगाडा भंगारात घातला तर ते वितळविण्यास पुन्हा भट्टी पेटवावी लागते. आपल्याकडे जुनी वास्तू हाती आली की आधी 'पाडायची कधी?' असेच विचारले जाते, हे आम्हीही अनुभवले आहे.

आपल्याकडे अडवायची ती थंडी नव्हे, पत्र्याची धग. विद्यार्थ्यांनी एक थर्मामीटर नुसत्या पत्र्याखाली आणि दुसरा छताखाली माळा असलेल्या खोलीत, एकाच उंचीवर टांगावा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत टिपावेत आणि मगच सभागृहाच्या बैठकीला यावे.