पदवीची कुंची

मे महिन्यातली रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. गल्लीतली घरे झोपली होती, पण आमच्या शेजारच्या घरात दिवा जळत होता आणि टीव्हीसमोर दहा-बारा माणसे बसली होती. क्रिकेटची मॅच नव्हती. त्या घरची धाकटी मुलगी अमेरिकेत 'सार्वजनिक आरोग्य' या विषयाची मास्टर्स पदवी घेणार होती आणि तिचे विद्यापीठ तो सोहळा इंटरनेटवरून थेट दाखवणार होते. तिकडे तेव्हा भर दुपार. "सर, तुम्हीबी या. इंग्रजीत काय चाललंय ते आम्हाला सांगा," म्हणून वहिनींनी मलाही बोलावले होते.

एकेक नाव पुकारले जात होते. काळा झगा घातलेला विद्यार्थी डाव्या हातावर एक लांब घडी केलेले कापड घेऊन व्यासपीठावर येई. प्राध्यापक ते कापड त्याच्या हातातून घेत, डोक्यावरून खांद्यावर सोडत आणि पाठीवर नीट बसवत. मग टाळ्या. आमच्या मुलीची पाळी आली. तिच्याही खांद्यावर ते कापड पडले. एवढ्यात कोपऱ्यातून अज्जींचा आवाज आला, "अय्य, कुंचिगी हाक्यारल्ल!"

सगळे खो खो हसले. अज्जी माहेरच्या गोकाककडच्या. या मराठी घरात येऊन त्यांना साठ वर्षे झाली, पण आश्चर्य वाटले की तोंडून कन्नडच येते. मला मात्र हसताना वाटले, की या म्हातारीने एका शब्दात जे सांगितले ते मला अर्ध्या तासात सांगता आले नसते. इंग्रजीत ज्याला 'हूड' म्हणतात, ते म्हणजे आपली कुंचीच. बारशाला आत्या घेऊन येते ती. डोके झाकणारी आणि पाठीवर रुळणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पेढे घेऊन आल्या. पेढे देता देता हळूच म्हणाल्या, "सर, खरं सांगा हं. ही काही दवाखाना घालणार नाही म्हणे. मग ही कसली डॉक्टरकी? पाहुणे विचारतात, आम्हाला सांगता येत नाही."

वाचकहो, हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाही. आपल्या भागातली नर्सिंग, डेंटल, आयुर्वेद किंवा साधे बी.एस्सी. झालेली मुले आता या शिक्षणाकडे वळत आहेत. परदेशातच जायला हवे असेही नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून हा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे आणि आपल्या बेळगावात केएलईमध्येही तो शिकवला जातो. मुले शिकतात, पण घरच्यांना 'आमची मुलगी काय करते' हे सांगता येत नाही. आज त्याविषयीच थोडे लिहितो. सुरुवात त्या कुंचीपासूनच करू.

युरोपातली जुनी विद्यापीठे धर्मपीठांच्या आश्रयाने वाढली. तिथले गुरू आणि शिष्य पाद्र्यांसारखा टोपरे असलेला झगा घालत. थंडी कडाक्याची, इमारती दगडी, त्यामुळे डोक्यावर ओढून घ्यायला ते टोपरे बरे पडे. पुढे त्याची गरज सरली, पण मान राहिला. १८९५ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन या पोशाखाचे नियम ठरवले. मास्टर्स पदवीची कुंची साडेतीन फुटांची, डॉक्टरेटची चार फुटांची. आतल्या अस्तराचा रंग विद्यापीठाचा. काठाच्या मखमलीचा रंग विषयाचा. वैद्यकशास्त्राचा रंग हिरवा. सार्वजनिक आरोग्याचा रंग सामन माशाच्या मांसासारखा, म्हणजे थोडा नारिंगी छटेचा गुलाबी.

या सोहळ्यात दोन गोष्टी मला विचार करण्यासारख्या वाटल्या. एक म्हणजे कुंची स्वतःची स्वतः घालायची नसते, ती गुरूने घालायची असते. दुसरी म्हणजे तिचा रंग पाठीवर असतो. जिने ती घातली तिला तो दिसत नाही. मागून येणाऱ्यांना दिसतो.

सार्वजनिक आरोग्याचे कामही असेच असते. दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे आजारी माणूस येतो, बरा होऊन जातो आणि जाताना हात जोडतो. पण जे मूल जुलाबाने आजारीच पडले नाही, त्याची आई कुणाचे आभार मानणार? जी साथ आलीच नाही तिचे श्रेय कोण कुणाला देणार? या शास्त्रात रोगी हा एक माणूस नसतो, आख्खे गाव असते. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, पाणी, आहार, आरोग्यसेवेचा कारभार हे तिथले विषय. या पदवीने औषध लिहून देण्याचा परवाना मिळत नाही. गावात रोग कुठून येतो हे शोधून काढण्याची आणि केलेल्या उपायाने खरेच फरक पडला का हे मोजण्याची विद्या मिळते.

मराठी माणसाला हे शास्त्र नवे नाही. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य. अमेरिकेत पुढचे वैद्यकीय शिक्षण झाल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. १९७० साली ते परतले ते थेट जामखेडला. नगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. तिथे त्यांनी गावागावातल्या बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी दलित आणि निरक्षर होत्या. त्यांना बाळंतपण, पोरांचे पोषण, जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी असे सगळे शिकवले. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा तिशीच्या आत आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच जॉन्स हॉपकिन्समधून १९८४ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ही पदवी घेतली आणि गडचिरोली गाठले. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा हे सारे त्या शिकल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून सरकारनेही आशाताईंमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आपल्या दारात आशाताई येते आणि बाळाचे वजन करते, त्यामागे गडचिरोलीच्या त्या बायका आहेत.

आता कुणी म्हणेल, सर, हे सगळे लांबचे. मग जवळचे सांगतो. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावतात हे आपल्या आया-आज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यावरचे नेहमीचे इंजेक्शन थंड जागी ठेवावे लागते आणि ते द्यायला शिकलेला हात लागतो. खेड्यात दोन्ही मिळतीलच असे नाही. मग मिसोप्रोस्टॉल नावाची तोंडाने घ्यायची गोळी दिली तर? सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात आपल्या बेळगाव जिल्ह्यातच याची परीक्षा झाली. अमेरिकेचे डॉ. डर्मन आणि आपल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. कोडकणी, डॉ. गौडर व त्यांचे सहकारी यांनी ती केली. १६२० बायका त्यात सामील झाल्या. अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देण्यात आली. खऱ्या गोळीमुळे अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

ती बाळंतपणे केली कुणी? पंचवीस नर्सबाईंनी. गोळी त्यांनी दिली आणि रक्तही त्यांनीच मोजले. रक्त मोजायला प्लास्टिकचा एक पदर वापरला होता. बाळंतिणीखाली पसरायचा आणि खाली मापाच्या खुणा असलेली पिशवी. नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज केला की तो कमी भरतो, हे या पदराने दाखवून दिले. साधी गोष्ट वाटते, पण नजरेला कमी वाटले म्हणून उपचाराला उशीर होतो आणि उशिरानेच जीव जातो. पुढे २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशाच खुणांच्या पदराने रक्त मोजले गेले. रक्तस्राव वेळीच ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले, तर त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात आढळले. त्या गुलाबी काठाच्या कुंचीचा अर्थ मला विचाराल तर मी या प्लास्टिकच्या पदराकडे बोट दाखवीन.

आता आपल्या मुलांच्या एका मोठ्या भांडवलाविषयी. या कामात औषधाआधी भाषा लागते. खानापूरच्या जंगलपट्टीत एका घरी मराठी, दुसऱ्या घरी कन्नड आणि तिसऱ्या घरी कोकणी ऐकू येते. तिकडे सिल्वासाजवळच्या सुरंगीसारख्या गावात वारली, कोकणा, गुजराती आणि मराठी अशी सरमिसळ असते. 'बाळाला पहिलं दूध का पाजलं नाही' हे आईला तिच्या बोलीत विचारले तरच खरे उत्तर मिळते. नाहीतर ती नुसती मान हलवते आणि आपण फॉर्म भरून परत येतो. आपण दोन भाषांत वाढलो, याचे आपल्याला कधी कौतुक नसते. आपली मुले मात्र आरोग्यसेवेत गेली तर पहिल्याच दिवसापासून हे भांडवल त्यांच्या कामी येईल.

राहिला प्रश्न पोशाखाचा. २०१० साली भोपाळच्या एका समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर व्यासपीठावर पदवीदानाचा झगा उतरवला होता. २०२४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून आपापल्या राज्याच्या परंपरेला साजेसा पोशाख ठरवायला सांगितले. आपल्या उकाड्यात ते सोयीचेच आहे. कापड इरकल असो वा खादी, गुरूने आपल्या हाताने ते शिष्याच्या खांद्यावर घालावे, एवढे मात्र राहावे असे मला वाटते. आपल्याला ते परकेही नाही. मराठीत आपण पदवीदान म्हणतो, कन्नडमध्ये 'घटिकोत्सव' म्हणतात. घटिका म्हणजे जुन्या काळचे विद्यापीठ. कदंबांचा मूळपुरुष मयूरशर्मा आपल्या गुरूबरोबर कांचीच्या घटिकेत शिकायला गेला होता, असे तालगुंदच्या शिलालेखात कोरलेले आहे. गुरूचा हात पाठीवर घेऊन बाहेर पडण्याची रीत आपल्याकडे अमेरिकेहून जुनी आहे.

हे सगळे मी वहिनींना जमेल तसे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सर, आमच्या सासूबाईंची पहिली दोन पोरं गेली, तशी कुणाची जाऊ नयेत म्हणून ही शिकलीय. होय ना?" मी म्हणालो, "होय वहिनी. पाहुण्यांना एवढंच सांगा."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी ही पदवी घेऊन आले, तर 'दवाखाना कुठे घालणार' असे विचारू नका. 'किती गावे तुझ्याकडे आहेत, तिथली पोरे कशी आहेत' असे विचारा. आणि दरवर्षी विचारा. तिच्या पाठीवरचा रंग तिला दिसत नसतो. तो दिसतो आहे हे तिला सांगायचे काम घरच्यांचे.