दुसऱ्या सिममध्ये बुडणारे जीबी

विटा, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली किती माणसं गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेली आहेत, ते गावच्या यात्रेला कळतं. सोनं-चांदी गाळणारी ही मंडळी पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत पसरली आहेत. दोन सिमचा फोन म्हणजे त्यांच्या सोयीचीच वस्तू. 2007 साली दूरसंचार नियामक ट्रायने रोमिंगच्या दरांना मर्यादा घातली, तरी आलेला फोन नुसता उचलायलाही मिनिटाला 1 रुपया 75 पैशांपर्यंत खर्च यायचा. घरच्यांशी रोज वीस मिनिटं बोललं की महिन्याला 1,050 रुपये! म्हणून एक सिम गावचं आणि एक तिथलं.

रोमिंगचा तो भुर्दंड आता गेला, पण दोन सिमं राहिली. गावच्या नंबरला बँक, आधार, गॅस, कारखान्याच्या ऊसबिलाचा मेसेज असं सगळं जोडलेलं असतं. तो सोडवत नाही. आणि इथेच आजचा खर्च लपलेला आहे: तो चालू ठेवायला मारलेल्या डेटाच्या पॅकमध्ये.

2014 मध्ये देशात एक जीबी डेटा सरासरी 269 रुपयांना पडायचा. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा जिओचा पॅक 299 रुपयांचा झाला. त्यात 42 जीबी मिळतात, म्हणजे जीबीला सव्वासात रुपयेसुद्धा पडत नाहीत. 2014 च्या भावाने हाच डेटा 11,298 रुपयांचा झाला असता. इतका स्वस्त झाल्यामुळेच तो वाया गेलेला कुणाला टोचत नाही.

दीड जीबी म्हणजे किती? ज्ञानेश्वरीत सुमारे 9,000 ओव्या आहेत. ओवीला 70 चिन्हं धरली आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला संगणकात तीन बाइट लागतात हे लक्षात घेतलं, तर अख्खा ग्रंथ दोन एमबीच्या आतच बसतो. दीड जीबीत अशा 800 च्या आसपास ज्ञानेश्वऱ्या मावतील. दुसऱ्या सिमवर डेटा बंदच असेल, तर एवढा साठा रोज रात्री बारा वाजता न वापरता संपतो. रोजचा कोटा उद्यावर जात नाही.

आता पैशांचं बघू. 28 दिवसांचा पॅक वर्षात 13 वेळा मारावा लागतो: 299 गुणिले 13, म्हणजे 3,887 रुपये. हा पट्टा ज्यांत येतो त्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळून 2011 च्या जनगणनेत 58 लाख 25 हजार 884 लोक होते. त्यांतल्या फक्त एक लाख लोकांनी दुसऱ्या सिमवर असा पॅक मारला असं धरू. वर्षाला 38 कोटी 87 लाख रुपये! आणि त्यातून मिळालेला, पण न वापरलेला डेटा जवळपास साडेपाच कोटी जीबी.

डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला डेटा नको त्याच्या गळ्यात तो बांधणं अन्यायाचंच होतं. जानेवारी 2025 मध्ये एअरटेलचा असा वर्षभराचा पॅक 1,849 रुपयांना होता. म्हणजे एका सिममागे 2,038 रुपये वाचतात. आपल्या त्या एक लाख लोकांचे मिळून 20 कोटी 38 लाख.

फोनमध्ये करायचं एवढंच: सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर मोबाइल डेटासाठी एकच सिम निवडा. आपोआप दुसऱ्या सिमच्या डेटावर जाण्याचं बटण तिथेच असतं. ते बंद ठेवा. कोयनेच्या खोऱ्यात किंवा शिराळ्याच्या डोंगरात राहत असाल, तर डेटाचं सिम कंपनीच्या जाहिरातीवरून घेऊ नका. घरात कुणाची रेंज येते ते बघून ठरवा. आणि गावचा नंबर चालू ठेवायला पॅक मारताना दुकानदाराला स्पष्ट सांगा: डेटा नको, फक्त कॉल आणि मेसेजचा द्या.