पालथ्या कुशीची चाळीस वर्षे

दाहामुळे फुप्फुसांतील वायुकोशांत द्रव साचून रक्तात प्राणवायू पोहोचेनासा होण्याच्या तीव्र श्वसनविफलतेचे वर्णन ॲशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये बारा रुग्णांवरून केले. त्यानंतर दशकभरातच, १९७६ मध्ये, पील आणि ब्राउन यांनी अशा पाच रुग्णांना पालथे केल्यावर त्यांच्या रक्तातील प्राणवायू वाढल्याचे नोंदवले. मात्र हा उपाय खरोखर जीव वाचवतो, हे सिद्ध व्हायला २०१३ साल उजाडावे लागले.

प्राणवायूच्या या वाढीमागचे कारण इटलीतील गॅटिनोनी यांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासांतून उलगडत गेले. उताण्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडील भाग सुजलेल्या फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या भाराखाली मिटतो. रक्त मात्र तिकडेच अधिक वाहते, त्यामुळे त्यातले पुष्कळसे प्राणवायू न घेताच पुढे जाते. रुग्णाला पालथे केले की हृदयाचा भार छातीच्या हाडावर येतो, पाठीकडचे वायुकोश उघडतात आणि व्हेंटिलेटरचा ताण सर्व फुप्फुसावर अधिक सारखा विभागला जातो.

तरीही गॅटिनोनी यांच्याच २००१ च्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत प्राणवायू सुधारला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २००४ मध्ये फ्रान्समधील गेराँ यांच्या ७९१ रुग्णांच्या चाचणीतही तेच घडले. या अपयशाचे मोल मोठे आहे, कारण मॉनिटरवरचा आकडा सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. या दोन्ही चाचण्यांत रुग्ण दिवसातून सात-आठ तासच पालथे राहत होते आणि त्यांत सौम्य आजाराचेही बरेच होते. गेराँ यांनी खचून न जाता २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीत केवळ गंभीर ४६६ रुग्ण घेतले, त्यांतील निम्म्यांना सलग किमान सोळा तास पालथे ठेवले, आणि अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. अतिदक्षता उपचारांत एवढा मोठा फरक क्वचितच दिसतो.

हे यश यंत्राइतकेच हातांचे होते. रुग्णाला पालथे करताना एक जण डोक्याशी उभा राहून श्वासनलिकेतील नळी धरून ठेवतो, इतर एकाच इशाऱ्यावर शरीर फिरवतात, छातीवरचे इलेक्ट्रोड पाठीवर लावले जातात. त्यानंतर गालावर, कपाळावर दाबाच्या जखमा होऊ नयेत म्हणून परिचारिका ठरावीक वेळाने मान या बाजूची त्या बाजूला वळवत राहतात. एवढे मनुष्यबळ लागणारा हा उपचार, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पन्नास देशांतील पाहणीनुसार, अतिगंभीर रुग्णांपैकी जेमतेम १६ टक्क्यांनाच मिळत होता.

करोनाच्या साथीने तो सर्वदूर नेला. एप्रिल २०२१ मध्ये भारताच्या आरोग्य मंत्रालयाने, रक्तातील प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांच्या खाली गेल्यास घरीही पालथे झोपण्याचा सल्ला दिला. शुद्धीवर असलेल्या रुग्णांवर सहा देशांत झालेल्या चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष त्याच वर्षी आले: पालथे झोपल्याने श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ कमी जणांवर आली, मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठोस फरक आढळला नाही.